साडेआठ लाख माणसांचा जिल्हा : सिंधुदुर्गाची मोजणी आणि कारभार, सोप्या भाषेत

२०२१ साली व्हायची जनगणना कोरोनामुळे लांबली. ती आता २०२७ ची जनगणना म्हणून होते आहे. पहिला टप्पा घरयादीचा, २०२६ सालातला. दुसरा टप्पा प्रत्यक्ष माणसं मोजण्याचा, त्यासाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा हिशेबाचा क्षण धरला आहे. म्हणजे गेली पंधरा वर्षं आपल्याकडचे रेशनचे कोटे, ग्रामपंचायतीचे प्रभाग, दवाखान्यांचे आराखडे, सगळं २०११ च्या आकड्यांवर चाललं आहे.

मोठ्या शहरांत या मोजणीची चर्चा जातीच्या रकान्यावरून होते. सिंधुदुर्गात मात्र लोक वेगळाच प्रश्न विचारतात : आमची माणसं आणखी कमी भरली तर आमचं काय होणार? शाळा जाईल का, आमदारकी जाईल का, निधी आटेल का? हा प्रश्न समजून घ्यायचा तर जिल्हा म्हणजे काय, तो चालवतं कोण आणि माणसं मोजतात कशी, इथपासून सुरुवात करावी लागेल.

आधी जिल्ह्याची ओळख

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा करून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अ. र. अंतुले. नाव मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून घेतलं. मुख्यालयासाठी सावंतवाडी, मालवण अशा जुन्या शहरांपैकी कुठलंच न घेता ओरोस इथे माळरानावर सिंधुदुर्गनगरी उभी केली. आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत : देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि दोडामार्ग. यातला दोडामार्ग १९९९ साली सावंतवाडीतून निघाला.

क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. २०११ ची लोकसंख्या ८,४९,६५१. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत कमी. एका चौरस किलोमीटरला १६३ माणसं, तेव्हा राज्याची सरासरी होती ३६५. शंभरातली सुमारे ८७ माणसं खेड्यात राहतात.

आणि ही लोकसंख्या घटते आहे. २००१ मध्ये ती ८,६८,८२५ होती, म्हणजे दहा वर्षांत एकोणीस हजारांवर माणसं कमी झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. राज्यात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहरातली माणसं उपनगरांत गेली. उरलेल्या दोन जिल्ह्यांतली पोटापाण्यासाठी बाहेर गेली, हे कोकणातल्या कुठल्याही घराला वेगळं सांगायला नको.

जिल्हा चालवतं कोण?

बहुतेकांच्या डोक्यात जिल्हा म्हणजे कलेक्टर. खरं तर जिल्ह्यात दोन समांतर यंत्रणा असतात, आणि कुठलं काम कुणाकडे हे कळलं की निम्मी वणवण वाचते.

पहिली महसुलाची. वर जिल्हाधिकारी, खाली प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. जमिनीची नोंद, दाखले, रेशन, निवडणूक, वादळ-पुराचे पंचनामे ही या यंत्रणेची कामं.

दुसरी विकासाची, म्हणजे जिल्हा परिषद. तिथे लोकांनी निवडलेले सदस्य आणि त्यांच्यासोबत मुख्य कार्यकारी अधिकारी. तालुक्याला पंचायत समिती आणि गटविकास अधिकारी, गावाला ग्रामपंचायत आणि ग्रामसेवक. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, गावचे रस्ते, नळपाणी योजना हे सगळं इथे येतं. कायद्यानं जिल्हा परिषदेला कमीत कमी ५० सदस्य असावे लागतात आणि सिंधुदुर्गात तेवढेच आहेत. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि पुढची काही वर्षं हा सगळा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. या काळात गावातल्या साकवाची, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलाची, तक्रार घेऊन जायला निवडून दिलेलं माणूसच नव्हतं. हे नुकसान कुठल्याही तक्त्यात येत नाही.

या दोघांच्या मध्ये जिल्हा नियोजन समिती असते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष. वर्षाचा जिल्ह्याचा निधी कुठे खर्च करायचा हे इथे ठरतं. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले या नगरपरिषदांचा आणि तालुक्याच्या गावांतल्या नगरपंचायतींचा कारभार वेगळा, तो त्यांच्या मुख्याधिकाऱ्यांकडे.

माणसं कमी, मग यंत्रणाही छोटी का नको?

हा आक्षेप शहरातून हमखास येतो, आणि वरवर तो रास्तही वाटतो. २०११ मध्ये अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, म्हणजे सिंधुदुर्गाच्या तेरापट. तिथेही जिल्हाधिकारी एकच, इथेही एकच. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तो भाग निराळा.

सावंतवाडी आगारातून संध्याकाळी सुटणारी वस्तीची एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडीत पन्नास माणसं असोत की आठ, डिझेल तेवढंच जळतं, ड्रायव्हर-कंडक्टरला पगार तेवढाच द्यावा लागतो, घाट तेवढाच चढावा लागतो. खर्च अंतराचा असतो. तिकिटाचे पैसे मात्र माणसांचे येतात.

जिल्ह्याच्या कारभाराचं गणित हेच आहे. सिंधुदुर्गात साडेसातशेच्या आसपास गावं आणि चारशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. गाव सरासरी हजार माणसांचं, तेही एका जागी नाही. देशावर गाव म्हटलं की पांढरीत एकमेकाला चिकटलेली घरं असतात. इथे गाव म्हणजे वाड्या. एक वाडी खाडीच्या कडेला, दुसरी सड्यावर, तिसरी ओहोळापलीकडे. पाचशे माणसांसाठी चार ठिकाणी विजेचे खांब, चार ठिकाणी पाण्याची टाकी, आणि ओहोळावर साकव. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्यामुळे डांबर टिकत नाही आणि दरवर्षी कुठला ना कुठला साकव वाहून जातो. रस्त्याची लांबी माणसांच्या संख्येनं कमी होत नाही.

त्यात राज्याचं क्षेत्रफळ शंभर धरलं तर सिंधुदुर्गाचा वाटा पावणेदोनच्या जवळ जातो, लोकसंख्येत मात्र पाऊणच भरतो. आता पंधराव्या वित्त आयोगाचं सूत्र पाहा. २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांना केंद्राकडून जो पैसा आला, त्याच्या वाटपात लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला फक्त १० टक्के वजन होतं. हा जिल्हा खेड्यांचा असल्यामुळे ग्रामीण लोकसंख्येच्या हिशेबात त्याची बाजू थोडी सावरते. तरी अंतराचा खर्च दहा टक्क्यांत बसत नाही.

गावातली माणसं मोजतात कशी?

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. आपल्याकडची जनगणना माणूस 'मूळचा कुठला' ते पाहून त्याची शिरगणती करत नाही. मोजणीच्या दिवसांत तो एरवी जिथे राहतो, तिथे त्याला मोजतात. २०११ मध्ये ही मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. त्या अख्ख्या काळात माणूस घरी नसेल तर त्या घरच्या यादीत त्याचं नाव येत नाही. तो तेव्हा जिथे असेल तिथे येतं.

त्यामुळे डोंबिवलीत नोकरी करणारा, पण कुडाळ तालुक्यात घर, जमीन आणि देव असलेला चाकरमानी डोंबिवलीत मोजला जातो. हे बरोबरच आहे, रोजचं पाणी तो तिथलं पितो. उलट फेब्रुवारीत देवगडच्या हापूसच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी कामगार देवगडमध्ये मोजला जातो, बागेचा मालक मात्र मुंबईच्या खात्यात जमा होतो.

माणूस एकच, पण सरकारी कागदांवर त्याची हजेरी वेगवेगळ्या ठिकाणी असते. जनगणनेत डोंबिवली, सातबाऱ्यावर कुडाळ, घरपट्टीच्या पावतीवर कुडाळ. मतदार यादीत कायद्यानं एकाच ठिकाणी नाव असू शकतं आणि ते जिथे राहतो तिथलं असायला हवं, तरी बऱ्याच चाकरमान्यांनी ते गावातच ठेवलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाड्या भरून येतात त्या यामुळेच.

याचा परिणाम ग्रामसभेत दिसतो. ग्रामसभेची गणसंख्या म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. मतदार यादी चारशेची, त्यातले दीडशे बाहेर, उरलेल्यांत म्हातारी माणसं बरीच. साठ जण जमवायला शिपायाला वाडीवाडी फिरावं लागतं. सभा तहकूब होते, पुढच्या वेळी थोड्या माणसांत निर्णय होतात, आणि मग तक्रार येते की आम्हांला विचारलंच नाही.

एक सातबारा जवळून पाहू

माणसं कमी झाली म्हणजे कचेरीतलं काम कमी झालं, असा समज असेल तर कोकणातला एखादा जुना सातबारा हातात घ्यावा.

दहा-बारा गुंठ्यांची जागा, त्यात चार माड, दोन फणस, एक पडकं घर. भोगवटादाराच्या रकान्यात पणजोबांच्या पिढीतल्या भावांची नावं. त्यातल्या कुणाचं वारसपत्र झालं, कुणाचं राहिलं. एका नावाखाली सहा वारस, त्यातल्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या, एक मुलगा बडोद्याला, एक परदेशात. सगळं सामाईक. कुणाचा पोटहिस्सा किती, हे आकारफोड, म्हणजे जमीन आणि तिचा सारा हिस्सेदारांत विभागून देणं, झाल्याशिवाय कळत नाही, आणि आकारफोड व्हायला सहसा सगळ्यांची संमती लागते. इतर हक्कात कुळाचं नाव. रकाना संपतो आणि पुढच्या पानावर जातो.

त्या गावात आज राहतात दोनशे माणसं. पण तलाठ्याच्या दप्तरात खातेदार दोन हजार असू शकतात, आणि दर पिढीला ते वाढतात. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली, मोबदला वाटायचा झाला की हेच दोन हजार वारस दारात उभे राहतात. गणपतीच्या आठवड्यात आणि मे महिन्यात तलाठी कार्यालयापुढे रांग लागते, कारण मुंबईकरांना तेव्हाच रजा मिळते. आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकरांनी पूर्वी कबुलायतीवर (करारावर) धरलेल्या गावच्या सामाईक जमिनींचा, प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भिजत पडला. तिथे तर जमिनीवर मालक म्हणून कुणाचं नाव लागावं, हाच वाद.

तेव्हा महसूल खात्यातलं काम राहणाऱ्या माणसांवर मोजता येत नाही, ते खातेदारांवर मोजायला हवं. पदं मंजूर करताना हा फरक धरला गेला, तर एकेका तलाठ्याकडे चार-चार सजांचा (सजा म्हणजे एका तलाठ्याचं कार्यक्षेत्र) भार टाकून चालणार नाही हे आपोआप दिसेल.

शाळा आणि दवाखाना : निकष कुठे अडतो

सरकारी सेवांना निकष असतात, म्हणजे किती माणसांमागे काय द्यायचं याचा ठरलेला आकडा. आरोग्यात सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना. उपकेंद्राला तेच ५ हजार आणि ३ हजार. त्याच्या वरच्या पायरीचं ग्रामीण रुग्णालय डोंगरी भागात ८० हजारांना एक. आता दोडामार्ग आणि वैभववाडी या दोन तालुक्यांची अख्खी लोकसंख्या २०११ मध्ये प्रत्येकी पन्नास हजारांच्या आत होती. निकषाला काटेकोर धरून बसलं, तर पूर्ण तालुक्यालाही एक ग्रामीण रुग्णालय लागू होत नाही.

२० हजार माणसं शहरात एका वॉर्डात सापडतात. इथे ती पंधरा-वीस गावांत पसरलेली असतात. रात्री बाईला कळा सुरू झाल्या की किती लोकसंख्येमागे केंद्र आहे हे कुणी विचारत नाही, किती किलोमीटरवर आहे आणि गाडी मिळते का हे विचारतात. म्हणून दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी पट्ट्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जात आले. २०१८ मध्ये गोवा सरकारनं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा या पट्ट्यात केवढी खळबळ झाली! आपल्या जिल्ह्यातला दवाखाना दुसऱ्या राज्याच्या भरवशावर चालत होता, हे तेव्हा सगळ्यांना लख्ख दिसलं. पुढे ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. इमारत आणि जागा मंजूर होणं ही पहिली पायरी, तज्ज्ञ डॉक्टर येऊन टिकणं ही खरी. बदली होऊन आलेला माणूस सहा महिन्यांत परत जायच्या खटपटीला लागतो, ही इथली जुनी व्यथा आहे.

शाळेचं दुखणं याहून नाजूक. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. त्याच वेळी शिक्षकांची पदं पटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरतात. वाडीतल्या शाळेत चार वर्गांची मिळून नऊ मुलं. शिक्षक एक, फार तर दोन. एकाच खोलीत पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तिसरीला पाढे, चौथीला गणित. मध्येच पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्रावरची बैठक. दुसरा शिक्षक बैठकीला गेला की दिवस एकट्यानं ओढायचा. पालक हे बघतात आणि तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनला पैसे भरतात. पट आणखी उतरतो.

२०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा विरोधही झाला. माझं मत सांगतो : काही ठिकाणी एकत्र शाळा मुलांच्या हिताची आहे. नऊ मुलांत खेळायला टीम होत नाही, भांडायला आणि शिकायला सोबती मिळत नाही. पण त्यासाठी गाडी आधी सुरू व्हायला हवी, शाळा नंतर बंद. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की पलीकडच्या वाडीचं मूल चार दिवस घरी बसणार असेल, तर ती शाळा जवळ असणंच महत्त्वाचं.

'हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बायका' : हा अभिमानाचा आकडा आहे का?

२०११ मध्ये सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. भाषणांत हा आकडा कोकणच्या पुरोगामीपणाचा पुरावा म्हणून येतो. इथल्या बायकांबद्दल आदर आहेच, पण आकडा वेगळं सांगतो. कर्ते पुरुष मुंबईला, गोव्याला गेले की मागे राहिलेल्यांत बायका जास्त दिसणारच. सहा वर्षांपर्यंतची मुलं घेतली तर दर हजार मुलांमागे ९२२ मुली होत्या. लहान मुलं नोकरीसाठी गाव सोडत नाहीत, म्हणून खरं चित्र तिथे दिसतं आणि ते काळजीचं आहे. २००१ मध्ये एकूण प्रमाण १,०७९ होतं, ते १,०३६ वर आलं. गावात अडचण बघून आता बायकोमुलंही सोबत न्यायची पद्धत वाढली, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

या आकड्यांचा कारभाराशी थेट संबंध आहे. घर चालवणारी बाई, सोबत सासू-सासरे, ही इथली नेहमीची रचना. तिला दाखल्यासाठी तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि म्हाताऱ्यांकडे बघायला कुणी उरत नाही.

मग चाकरमान्यांची नोंद गावातच करावी का?

असं सुचवणारे बरेच भेटतात. 'फेब्रुवारीत चार दिवस गावी या, नाव लावा, गावाचा आकडा वाढवा.' हे चुकीचं आहे. खोटी माहिती देणं जनगणना कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते बाजूला ठेवलं तरी त्यात तोटा आपलाच आहे. डोंबिवलीचं पाणी, लोकल, दवाखाना यांचं नियोजन तिथल्या आकड्यावर होतं. तिथून आपण वजा झालो तर रोजचा त्रास आपल्यालाच.

हवी आहे ती दुसरी नोंद, हंगामी लोकसंख्येची. नळपाणी योजनेचं उदाहरण घेऊ. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. समजा वाडीत दोनशे माणसं आहेत, तर रोज ११ हजार लिटर पुरे. मे महिन्यात सगळे आले आणि साडेचारशे माणसं झाली, तर लागतात २४,७५० लिटर. आणि मे म्हणजे विहिरीचा तळ दिसायचा महिना. टाकी आकड्याप्रमाणे बरोबर बांधलेली असते, तरी शिमग्यापासून मिरगापर्यंत भांडणं होतात. कचरा, वीज, आरोग्य केंद्रातली औषधं, सगळ्यांना हेच लागू. त्यात मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्याला येणारे पर्यटक वेगळेच. १९९७ मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण आलेल्या पर्यटकाचा कचरा उचलायची जबाबदारी दोन-अडीच हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीवरच आहे.

आमदारकीचं काय?

विधानसभेच्या मतदारसंघांची हद्द लोकसंख्या पाहून नव्यानं आखतात, त्याला पुनर्रचना म्हणतात. २००८ ची पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. त्याआधी सिंधुदुर्गात चार मतदारसंघ होते : देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी. नंतर तीन उरले : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. लोकसभेला बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ गेला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच झाला. चिपळूणपासून दोडामार्गापर्यंत एक खासदार.

घटनेतल्या तरतुदीप्रमाणे पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. बाकीचा महाराष्ट्र वाढला आणि हा जिल्हा घटला किंवा जागच्या जागी राहिला, तर एका मतदारसंघाचं क्षेत्र आणखी पसरणार हे उघड आहे. मत सगळ्यांचं सारखं हवं, हे तत्त्व मला मान्य आहे. पण आमदाराला भेटायला किती घाट उतरावे लागतात, यावरही प्रतिनिधित्व अवलंबून असतं. पुनर्रचनेच्या कायद्यात भौगोलिक रचना आणि दळणवळण बघायला सांगितलेलं आहे. आयोग हरकती मागवतो तेव्हा हे मुद्दे लेखी मांडता येतात.

एवढं करण्यापेक्षा रत्नागिरीत परत विलीन का नको?

याचं उत्तर थोडक्यात देता येतं. सावंतवाडी-दोडामार्गाहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. १९८१ पूर्वी जिल्ह्याच्या कामाला गेलेला माणूस त्या दिवशी घरी परतत नसे. अधिकाऱ्यांच्या पगारात जे वाचेल ते लोकांच्या एसटीभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत दसपटीनं जाईल.

आणि घटती लोकसंख्या म्हणजे बुडता जिल्हा, हेही मानायचं कारण नाही. केरळात पत्तनमतिट्टा आणि इडुक्की या जिल्ह्यांची लोकसंख्याही २००१ ते २०११ या दहा वर्षांत घटली. शिकलेली माणसं बाहेर गेली, मुलं कमी झाली, म्हातारी माणसं वाढली. सिंधुदुर्गात साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर आहे, आंबा-काजू आहे, मासळी आहे, आता जिल्ह्यात चिपी आणि पलीकडे गोव्यात मोपा असे दोन विमानतळ हाताशी आहेत. दोडामार्ग-बांद्याची पोरं रोज सकाळी दुचाकीवर गोव्यात कामाला जातात आणि रात्री घरी येतात. ती गावातच मोजली जातील. अशा जिल्ह्याला तरुणांच्या जिल्ह्याचे निकष लावले तर सगळं चुकतं. अंगणवाडीइतकीच म्हाताऱ्यांची काळजी घेणारी सेवा इथे हवी : घरी येणारी आरोग्य सेविका, वाडीपर्यंत येणारं रेशन, दारात मिळणारा दाखला.

आता आपल्या हातात काय?

प्रगणक दारात येईल तेव्हा खरं सांगा. वर्षातले बरेच महिने गावात राहणारे निवृत्त आई-वडील मुलाच्या मुंबईच्या यादीत 'सोयीसाठी' घालू नका. ते गावचे आहेत, गावात मोजले जाऊ द्या. कुलूपबंद घराची नोंद घरयादीत वेगळी होते, शेजाऱ्यांनी ती नीट सांगावी, कारण गावात बंद घरं किती हे कळणंही नियोजनाला लागतं.

आणि ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा करायला ग्रामसभा बसते, तेव्हा जनगणनेच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा लिहून घेण्याचा आग्रह धरा : गणपतीत आणि मे महिन्यात वाडीत किती माणसं असतात. हा आकडा काढायला कुठल्या आयोगाची गरज नाही. प्रत्येक घरात कोण कधी येतं हे वाडीतल्या आशाताईंना पाठ असतं. ठरावात तो लिहिला गेला की टाकीच्या अंदाजपत्रकावर सही करणाऱ्या अभियंत्यासमोर तो ठेवता येतो.